मनपा उद्यानातील खेळणी, झाडे आणि विजेचे खांब: धोका दिसल्यावर नागरिकांनी नेमके काय करावे?

वैनगंगा

नमस्कार मंडळी.

विदर्भातील एका मोठ्या शहराच्या जुन्या वस्तीत आम्ही राहतो. वस्तीच्या मध्यभागी महानगरपालिकेचे सुमारे एकरभराचे उद्यान आहे. सकाळी ज्येष्ठ नागरिक फिरायला येतात आणि संध्याकाळी मुलांची एवढी गर्दी होते की झोक्यांसमोर रांग लागते. खेळणी वेगवेगळ्या काळात आलेली आहेत. लोखंडी झोके आणि पत्र्याची घसरगुंडी सर्वांत जुनी, फायबरचा रंगीत खेळसंच नंतर कोणत्यातरी लोकप्रतिनिधीच्या निधीतून आलेला आणि अलीकडे त्याच रांगेत खुल्या व्यायामशाळेची साधने बसवलेली. या सगळ्यांखाली मुरूम पसरून रोलर फिरवलेला आहे.

दिवाळीच्या सुटीत घसरगुंडीच्या शिडीवरून पडून एका मुलाचे कोपराजवळचे हाड मोडले. त्यानंतर आम्ही काही पालकांनी उद्यानाची नीट पाहणी केली, तेव्हा बऱ्याच गोष्टी लक्षात आल्या. एका झोक्याच्या साखळीचा आकडा झिजून पातळ झाला आहे. दोन दिव्यांच्या खांबांच्या पायथ्याशी असलेली झाकणे नाहीत आणि आतील तारा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या आहेत. झाडांना पाणी देण्यासाठी असलेल्या जमिनीखालच्या टाकीवर पातळ पत्रा ठेवलेला आहे, आणि खेळसंचाच्या अगदी वर गुलमोहराची एक वाळलेली फांदी आहे. आम्ही लेखी तक्रार दिली, तेव्हा ‘निधी उपलब्ध होताच दुरुस्ती करण्यात येईल’ असे उत्तर आले.

यांपैकी आधी कशाकडे लक्ष द्यावे, कोणतीही यंत्रसामग्री नसताना पालकांना काय तपासता येईल, निधी नसल्याचे उत्तर अंतिम मानायचे का, आणि दुरुस्ती होईपर्यंत एखादे खेळणे आम्ही स्वतः बंद करू शकतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. उद्यानाला कुलूप लागावे अशी आमची मुळीच इच्छा नाही, कारण मुलांना खेळायला आसपास दुसरी जागा नाही.

निवृत्त उद्यान अभियंता

वैनगंगाताई, आपण दिलेल्या यादीत सर्वांत आधी टाकी आणि विजेचे खांब घ्यावेत, आणि ते दुरुस्तीच्या यादीत न घालता त्याच दिवशी करायची कामे म्हणून मांडावेत. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान भावांचा मृत्यू झाला. टाकीवर भक्कम झाकण नव्हते आणि मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. टाकीवरचा पातळ पत्रा हा उघड्या टाकीपेक्षाही वाईट, कारण त्याखाली खोली आहे हे मुलाला कळत नाही आणि पत्रा त्याचे वजन पेलत नाही. टाकीला बिजागरीचे, कुलूप लावता येईल असे जाड लोखंडी झाकण हवे आणि त्याखाली आणखी एक जाळी हवी, म्हणजे माळ्याकडून झाकण उघडे राहिले तरी मूल आत पडणार नाही. असे झाकण कोणताही वेल्डर एका दिवसात करून देतो. त्यासाठी मोठ्या निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही, उद्यान विभागाच्या किरकोळ दुरुस्तीच्या तरतुदीत ते बसते.

खांबांबाबत एक विनंती आहे. तारा उघड्या दिसत असतील तर कोणीही टेस्टर लावून पाहू नये, चिकटपट्टी नव्याने गुंडाळू नये, आणि पावसात किंवा पाणी दिल्यानंतर त्या खांबाजवळ मुलांना जाऊ देऊ नये. उद्यानातील दिवे बहुतेक ठिकाणी मनपाच्या विद्युत विभागाकडे असतात, त्यामुळे उद्यान विभागाला दिलेला अर्ज टेबलाटेबलांवर फिरत राहतो. अर्ज थेट विद्युत विभागाला द्यावा आणि त्यात खांबांचे क्रमांक लिहावेत. झाकण बसवण्याबरोबरच प्रत्येक खांबाचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि उद्यानाच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा उपकरण बसवण्याची मागणी करावी. शरीरातून वीज जाऊ लागताच क्षणार्धात पुरवठा खंडित करणारे हे उपकरण घरांमध्ये वापरले जाते, पण सार्वजनिक उद्यानांत मात्र ते अनेकदा नसते.

आता मुरमाविषयी. माझ्या मते आपल्याकडील उद्यानांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष जमिनीत आहे. खेळण्याचा रंग, आकार आणि उद्घाटनाची कोनशिला सर्वांना दिसते, पण मूल पडल्यावर त्याला किती लागेल हे ठरवणारी गोष्ट खेळण्याखाली असते. मुरूम टाकून त्यावर रोलर फिरवणे ही रस्त्याचा पाया करण्याची पद्धत आहे आणि तशी घट्ट झालेली जमीन पडणाऱ्या मुलाला जवळजवळ काँक्रीटइतकीच कठीण लागते. पेव्हर ब्लॉक त्याहून वाईट. युरोपातील ईएन ११७६ या मानकानुसार २ मीटरपर्यंत उंचीवरून पडण्याची शक्यता असलेल्या खेळण्याखाली किमान २० सेंटीमीटर आणि ३ मीटरपर्यंत ३० सेंटीमीटर सैल वाळूचा थर लागतो, आणि खेळताना वाळू बाजूला सरकते म्हणून त्यावर आणखी १० सेंटीमीटर धरतात. ३ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू शकेल असे खेळणे या मानकाला मान्यच नाही.

वाळू कोणती, हेही महत्त्वाचे आहे. ती नदीची, धुतलेली, चाळलेली, गोलसर कणांची आणि मातीविरहित असावी. बांधकामासाठी मिळणारी दगडचुरीची कृत्रिम वाळू येथे चालत नाही, कारण तिचे कण कोनदार असतात, तिच्यात बारीक भुकटी असते आणि दोन पावसाळ्यांत ती दाबून घट्ट होते. आपल्याकडे रेतीची टंचाई असल्यामुळे कंत्राटदार नेमकी तीच आणून टाकतो. म्हणून कार्यादेशात वाळूचा प्रकार आणि थराची जाडी स्पष्ट लिहून घ्यावी. वाळूच्या खड्ड्याला कड आणि तळाशी पाणी निचरा होण्याची सोय हवी, आणि भटकी कुत्री-मांजरे घाण करतात म्हणून ती नियमितपणे उकरून स्वच्छ करावी लागते. हे काम नको म्हणून बहुतेक ठिकाणी रबरी फरशी मागवली जाते. ती चांगली असते, परंतु काँक्रीटवर चिकटवलेला पातळ रबरी थर केवळ दिसायला मऊ असतो. त्या जाडीची फरशी किती उंचीवरून पडलेल्या मुलाच्या डोक्याचा आघात झेलू शकते, याचा ईएन ११७७ प्रमाणे केलेला चाचणी अहवाल पुरवठादाराकडे असतोच. तो न दाखवणाऱ्याचे देयक मंजूर करू नये.

फांदीसाठी अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांकडे द्यावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्यामुळे रहिवाशांनी स्वतः कुऱ्हाड चालवू नये. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात, म्हणून वाळलेल्या फांदीपुरता विचार न करता बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट केलेले आहे का, खोडावर आळंबी उगवली आहे का, आणि झाड पूर्वीपेक्षा अधिक झुकले आहे का, हेही अर्जात नमूद करावे. फांदी उतरेपर्यंत खेळसंच वापरू देऊ नये.

लोहकाम

मी फॅब्रिकेशनचा व्यवसाय करतो आणि शाळांची खेळणी दुरुस्त करतो. पालकांना डोळ्यांनी आणि हातांनी काय तपासता येईल तेवढेच लिहितो.

लोखंडी खांब वरून रंगवलेला असला तरी गंज जमिनीलगतच्या वीतभर भागात धरतो, कारण तेथे ओल साचते. खांबाच्या बुडाजवळची माती खरवडून तेथे लहान हातोडीने ठोकून पाहावे. धातूचा खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर पाइप आतून खाल्ला गेला आहे असे समजावे. त्यावर नवा रंग देणे म्हणजे दोष लपवणे होय. पाइपाचे वरचे तोंड उघडे असेल तर पावसाचे पाणी आत साठते आणि तो आतूनच कुजतो, म्हणून तोंडावर टोपी किंवा वेल्ड केलेली चकती हवी.

साखळीचा आकडा पूर्ण मिटलेला असावा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत अशा आकड्यातील फट १ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे सांगितले आहे, कारण त्याहून मोठ्या फटीत ओढणी, टोपीची नाडी किंवा गळ्यातील दोरा अडकतो. आपल्या झोक्याचा आकडा झिजलेला आहे, म्हणजे त्यावरील बेअरिंग किंवा बुशही संपलेले असणार. फक्त आकडा बदलून भागणार नाही, वरची संपूर्ण जोडणी बदलावी. बसायला लोखंडी पट्टी किंवा लाकडी फळी असेल तर तीही बदलून रबरी पट्टा लावावा. झोक्यासमोरून धावत जाणाऱ्या मुलाच्या डोक्याला लागते ते बैठकीच्या कडेने, आणि रिकामा झोकासुद्धा पुरेशा वेगाने येतो. एका चौकटीत दोनपेक्षा जास्त झोके नसावेत.

कठड्यांच्या गजांमधील अंतर टेपने मोजावे. युरोपीय मानकातील तपासणीसाठी वापरली जाणारी मापे साधारण ८९ आणि २३० मिलिमीटर आहेत. या दोन्हींच्या मधल्या फटीतून लहान मुलाचे धड पार होते, पण डोके अडकते आणि मूल लटकत राहते. नऊ सेंटीमीटर आणि तेवीस सेंटीमीटर रुंदीचे दोन पुठ्ठे कापून घेतले तर कोणालाही ही तपासणी करता येईल. फायबरच्या घसरगुंडीवर उन्हाने बारीक भेगा पडून काचतंतू वर आले असतील, तर हात फिरवल्यावर टोचतात. तो भाग बदलावाच लागतो, लांबी भरून चालत नाही.

खुल्या व्यायामशाळेची साधने मोठ्यांच्या उंचीची आणि वजनाची आहेत. त्यांच्या हलत्या सांध्यांत मुलांची बोटे चिरडतात, हे मी दुरुस्तीला गेल्यावर अनेक पालकांकडून ऐकले आहे. ती खेळण्यांच्या रांगेत बसवणे ही मांडणीतील चूक आहे. हलवता येत नसतील तर मध्ये कुंपण घालावे.

अस्थिरोगतज्ज्ञ, मराठवाडा

कोपराच्या वरच्या बाजूचे हाड मोडणे ही साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलांमधील, खेळण्यावरून पडून होणारी अतिशय नेहमीची दुखापत आहे. मूल पडताना हात पुढे टेकवते आणि सगळा भार कोपरावर येतो. या ठिकाणी हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू हाडाला लागूनच जातात, म्हणून पडल्यानंतर कोपर सुजले किंवा वाकडे दिसले तर हात आहे त्याच स्थितीत पुठ्ठा आणि कापडाने आधार देऊन बांधावा आणि लगेच अस्थिरोग विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. बोटे थंड, पांढरी किंवा बधिर झाली तर एक तासही घालवू नये. मी कळकळीने सांगतो, अशा हाताला चोळून किंवा ओढून घेण्यासाठी मुलाला हाडवैद्याकडे नेऊ नका. घट्ट पट्ट्या बांधल्यामुळे रक्तपुरवठा थांबून कायमचा लुळा झालेला हात मी पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊक नसते. लहान मुलाला सुरक्षित वाटावे म्हणून आई-वडील त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतात. त्या वेळी मुलाचा बूट कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो, मोठ्या माणसाच्या वजनामुळे शरीर खाली जातच राहते आणि मुलाच्या नडगीचे हाड पिळवटून मोडते. एकटे घसरणारे मूल पाय अडकला तर थांबते. त्यामुळे मुलाला एकटे घसरता येत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्या वयाची नाही असे समजावे.

विदर्भातील आणि मराठवाड्यातील उन्हाळ्याचाही विचार व्हावा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची घसरगुंडी आणि गडद रंगाची रबरी फरशी एवढी तापते की मुलांची त्वचा काही सेकंदांत भाजू शकते. चालायला नुकत्याच लागलेल्या मुलाला तापलेल्या जागेवरून पटकन उठताही येत नाही. पालकांनी तळहाताच्या मागची बाजू पृष्ठभागावर टेकवून पाहावी. घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे असावे किंवा तिच्यावर सावली असावी. नव्याने बसवताना हा बदल फुकटात होतो, नंतर मात्र हिरवी जाळी बांधण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

तळमजला

मी वकिली करतो, म्हणून निधीच्या उत्तरापुरते लिहितो. रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्दीचंद या १९८० च्या प्रकरणात नगरपरिषदेने नेमके हेच कारण सांगितले होते. विषय गटारांचा आणि अस्वच्छतेचा होता, परंतु पैसे नाहीत म्हणून स्थानिक संस्थेला कायद्याने ठरवलेल्या कर्तव्यातून सुटका मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तेथे स्पष्ट केले. तो आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खालील होता. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पडण्याच्या बेतात असलेले झाड किंवा बांधकाम, तसेच सार्वजनिक जागेलगतची कुंपण नसलेली टाकी, विहीर किंवा खड्डा, यांबाबत कार्यकारी दंडाधिकारी त्या कलमाखाली आदेश देऊ शकतात. आपल्या उद्यानातील टाकी आणि फांदी या दोन्ही गोष्टी त्यात सरळ बसतात.

झाडांबाबत १९९९ चा दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी हा निर्णय लक्षात ठेवावा. स्कूटरवरून जाणाऱ्या एका व्यक्तीवर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेला भरपाईसाठी जबाबदार धरले. त्याआधी १९६६ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळल्याच्या प्रकरणातही, दोष बाहेरून दिसत नव्हता हा बचाव न्यायालयाने मान्य केला नव्हता. आपल्या तक्रारीनंतर तर दोष माहीत नव्हता असे म्हणण्यालाही वाव उरत नाही. म्हणून प्रत्येक धोक्याचा अर्ज वेगळा द्यावा, त्यावर तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि आवक क्रमांकाची पोहोच घ्यावी. दहा धोके एका अर्जात घातले तर एकाची दुरुस्ती करून संपूर्ण अर्ज निकाली काढला जातो.

याबरोबर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून खेळण्यांसाठी एक आणि विद्युत खांबांसाठी दुसरा असे वेगळे अर्ज करावेत. खेळण्यांच्या अर्जात खरेदीचा कार्यादेश, दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख आणि तपासणी नोंदवही यांच्या प्रती मागाव्यात. फायबरचा खेळसंच अजून दोष दायित्व कालावधीत असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते आणि निधीचा प्रश्नच येत नाही. या कायद्यात कागदपत्रांबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही अधिकार आहे, त्याचा फार थोडे लोक उपयोग करतात. नोंदवहीच नाही असे उत्तर आले, तर ते जपून ठेवावे, कारण तपासणी होत नव्हती याचा तो मनपाच्याच सहीचा पुरावा ठरतो.

वैनगंगा

सर्वांचे मनापासून आभार. टाकी आणि खांबांचे वेगळे अर्ज उद्याच देतो आहोत. दोन शंका राहतात. आमच्यातील काही पालकांचे म्हणणे आहे की एवढे धोके असतील तर खेळणी काढूनच टाकावीत आणि तेथे हिरवळ करावी. दुसरे म्हणजे, झिजलेल्या आकड्याचा झोका आम्ही दोरीने वर बांधून ठेवला होता, पण मोठ्या मुलांनी तो सोडवून पुन्हा वापरला.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते आणि माझी मुले येथील सार्वजनिक मैदानांवर वाढली. खेळणी काढून टाकण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे. येथील मैदानांवर चढायला उंच जाळ्या आणि ओंडके असतात, मुले पडतात, खरचटते. उंची मुलाला दिसते आणि किती चढायचे हे ते स्वतः ठरवते, त्यामुळे तेवढी जोखीम खेळाचाच भाग मानली जाते. कुजलेला खांब किंवा सैल झालेला आकडा मात्र मुलाला ओळखता येत नाही, आणि तो शोधणे हे मैदान चालवणाऱ्याचे काम आहे. त्यासाठी ईएन ११७६ च्या सातव्या भागात तीन पातळ्या सांगितल्या आहेत: वरचेवर होणारी नुसत्या नजरेची पाहणी, एक ते तीन महिन्यांनी झीज आणि स्थैर्य यांची तपासणी आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाकडून संपूर्ण तपासणी. पहिली पातळी आपल्या उद्यानातील माळी किंवा सुरक्षारक्षकही सांभाळू शकेल, मात्र त्याला नोंदवही आणि खेळणे बंद करण्याचा अधिकार दिलेला हवा. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असलेला फलक प्रवेशद्वाराशी लावण्याचा आग्रहही धरावा.

निवृत्त उद्यान अभियंता

त्यांच्याशी मी सहमत आहे. खेळणी काढली तर मुले रस्त्यावर, बांधकामांवर आणि नाल्याकाठी खेळतील.

झोका दोरीने वर बांधणे टाळावे. बांधलेली साखळी म्हणजे मुलांसाठी चढायचे नवे साधन होते, आणि दोरीचा फास गळ्याला लागण्याचा धोका वेगळाच. साखळी बैठकीसह वरच्या आकड्यापासून पूर्ण उतरवून घ्यावी, म्हणजे रिकामी चौकट राहते आणि वापरण्यासारखे काही उरत नाही. मालमत्ता मनपाची असल्यामुळे हे रहिवाशांनी परस्पर करू नये. उद्यान निरीक्षकांना लेखी कळवून, त्यांच्या माळ्याच्या हातून, छायाचित्र काढून करावे आणि उतरवलेली साखळी कार्यालयात जमा करून तिची पावती घ्यावी. घसरगुंडी बंद करायची असल्यास फीत बांधण्याचा उपयोग होत नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर प्लायवुडचा उभा तुकडा नटबोल्टने पक्का बसवावा आणि त्यावर बंद केल्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम रंगाने लिहावे. ती तारीख रोज सर्वांसमोर राहिली की दुरुस्तीच्या प्रस्तावाला आपोआप गती येते, हा माझा नोकरीतील अनुभव आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी साधारण हिवाळ्यातच सुरू होते, तेव्हा वाळूच्या थराची मागणी आताच, क्षेत्रफळ आणि जाडी लिहून, प्रभाग कार्यालयात नोंदवून ठेवावी.